उमेदवारीचे घर : हॉलिवूड स्टुडिओ क्लब

या संस्थेचा जन्म एका ग्रंथालयाच्या तळघरात झाला. १९१६ साली हॉलिवूडच्या सार्वजनिक ग्रंथालयात काही तरुण मुली जमत आणि तळघरात बसून नाटके वाचत. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यावर आवाजाला काम नव्हते, तरीही या मुलींना संवाद मोठ्याने म्हणून पाहावेसे वाटत होते. ग्रंथपाल एलिनॉर जोन्स यांचे त्यांच्याकडे लक्ष होते. वाचन झाले की या मुली जातात कुठे, राहतात कशा, जेवतात काय, या प्रश्नांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. बहुतेकजणी स्वस्त हॉटेलांत किंवा मिळेल त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. गावात ओळखीचे कुणी नव्हते, हातात पैसे बेताचे होते. जोन्सबाईंनी आधी गावातल्या स्टुडिओंचे आणि व्यापाऱ्यांचे दार ठोठावले, मग वायडब्ल्यूसीए या महिला संघटनेचे. आधी एकत्र जमण्यापुरती जागा भाड्याने मिळाली आणि लवकरच राहण्यापुरते घरही मिळाले. पुढे जवळजवळ साठ वर्षे चाललेल्या हॉलिवूड स्टुडिओ क्लबची ही सुरुवात. क्लबची लोडी प्लेसवरची इमारत मे १९२६ मध्ये उभी राहिली. तिच्या शताब्दीच्या निमित्ताने हा इतिहास एकत्र मांडत आहे.

ते गाव तेव्हा कसे होते हे आधी सांगायला हवे. हॉलिवूड १९१० साली लॉस एंजेलिस शहरात विलीन झाले, तेव्हा तिथे फळबागा होत्या आणि सिनेमा जवळपास नव्हताच. १९१३ च्या अखेरीस दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल न्यूयॉर्कहून आले आणि त्यांनी ‘द स्क्वॉ मॅन’ या चित्रपटासाठी जनावरांचा एक गोठा भाड्याने घेतला. त्यानंतर काही वर्षांतच त्या परिसराचे रूप पालटले. आयोवा, कॅन्सस, टेक्सास अशा लांबच्या राज्यांतून मुली आगगाडीने येऊ लागल्या. सिनेमाच्या मासिकातले छायाचित्र पाहून घर सोडणाऱ्या त्यांत होत्या, तशा गावच्या नाटकात टाळ्या मिळाल्या म्हणून निघालेल्याही होत्या. एक्स्ट्रा म्हणून काम मिळवायचे तर सकाळी स्टुडिओच्या फाटकाशी उभे राहायचे आणि कुणी बोट दाखवून आत बोलावते का, याची वाट पाहायची. एका फाटकावर काम नसेल तर दुसऱ्या फाटकावर जायचे. एक्स्ट्रांची नोंद आणि निवड एका ठिकाणाहून करणारी ‘सेंट्रल कास्टिंग’ ही यंत्रणा यायला १९२५ साल उजाडावे लागले. जागेची अडचण कामाच्या अडचणीहून मोठी होती. नटांना आणि कुत्र्यांना जागा नाही, अशा पाट्यांच्या आठवणी त्या काळातल्या अनेकांनी सांगितल्या आहेत. ज्या धंद्यावर गाव मोठे होत होते, त्या धंद्यातल्या माणसांना घरात घ्यायला गाव तयार नव्हते.

क्लबच्या पहिल्या आधारस्तंभांत दोन बायकांची नावे ठळकपणे घ्यावी लागतात. एक डिमिल यांच्या पत्नी कॉन्स्टन्स डिमिल आणि दुसरी मेरी पिकफर्ड. क्लब सुरू झाला त्याच वर्षी पिकफर्डने आठवड्याला १०,००० डॉलर्सचा करार केला होता. तिच्याएवढी लोकप्रिय नटी तेव्हा दुसरी नव्हती. पण तिचे लहानपण नाटक कंपन्यांत गेले होते. आई आणि भावंडांबरोबर गावोगाव फिरताना, हलक्यातल्या हलक्या मुक्कामात दिवस काढताना, कामावाचूनचा आठवडा म्हणजे काय हे तिने अनुभवले होते. तिच्या मदतीला पैशाइतकीच या माहितीचीही किंमत होती, असे मला वाटते. धर्मादायाच्या कामात उपकाराचा सूर सहज शिरतो. ज्या बाईने स्वतः खानावळीतले दिवस काढले आहेत, ती हा सूर ओळखते आणि आवरतेही.

पहिले घर कार्लोस ॲव्हेन्यूवर होते. दर्शनी खांबांचे, जुन्या वसाहती धाटणीचे हे घर होते आणि त्यात वीसेक मुलींची सोय होती. या घरातल्या मुलींपैकी झासू पिट्स हिचे नाव सिनेमाच्या इतिहासात राहिले. सांताक्रूझहून आलेली ही किडकिडीत मुलगी रूढ अर्थाने देखणी नव्हती आणि तिला नायिकेचे काम कुणी देईल असे वाटत नव्हते. १९१७ च्या ‘द लिटल प्रिन्सेस’ या पिकफर्डच्या चित्रपटात तिला भूमिका मिळाली. पुढे १९२४ साली एरिक फॉन श्ट्रोहाइमने ‘ग्रीड’मध्ये तिला पैशाच्या हव्यासाने झपाटलेल्या बायकोची भूमिका दिली. ते काम पाहिलेला माणूस ते विसरत नाही. फाटकावर उभ्या असलेल्या मुलींच्या रांगेत चेहऱ्यावरून निवड होत असती, तर झासू पिट्स सिनेमाला मिळाली नसती. तिला थांबता आले म्हणून ती मिळाली, आणि थांबण्यासाठी छप्पर लागते.

वीस जागांचे घर फार काळ पुरणार नव्हते. १९२० नंतर अर्ज वाढत गेले. पण मोठ्या इमारतीसाठी पैसा उभा राहिला त्यामागे दुसरेही एक कारण होते आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलातील मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅपी या तरुण नटीचा मृत्यू झाला. विनोदी नट रॉस्को आरबकल याच्यावर खटला भरला गेला. तीन वेळा सुनावणी होऊन एप्रिल १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला, पण तोवर त्याची कारकीर्द संपली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याचा खून झाला. हॉलिवूड म्हणजे पापाची पेठ, असे देशभरातली वर्तमानपत्रे लिहू लागली आणि सरकारी सेन्सॉरची मागणी जोर धरू लागली. निर्मात्यांनी घाईने आपली संघटना बांधली आणि तिच्या डोक्यावर विल हेज हे राजकारणातले वजनदार गृहस्थ आणून बसवले. धंद्याची अब्रू सावरायची होती. आमच्या गावात येणारी मुलगी सुरक्षित आहे, असे आईबापांना आणि चर्चला दाखवायचे होते. स्टुडिओ क्लबसाठी थैल्या सैल झाल्या त्या याच वेळी.

म्हणून या देणग्यांचे मोल मी कमी मानत नाही. हेतू मिश्र असले तरी त्यातून झालेले काम शुद्ध असू शकते. शिवाय ज्या बायका हे काम १९१६ पासून करत होत्या, त्यांना धंद्याची ही गरज नेमकी हेरता आली आणि तिचा उपयोग त्यांनी मुलींसाठी करून घेतला. त्यांच्या या व्यवहारचातुर्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे. १९२३ साली १,५०,००० डॉलर्स जमवण्याची मोहीम सुरू झाली. फेमस प्लेयर्स-लास्की कंपनीने १०,००० डॉलर्स दिले. मेट्रो-गोल्डविन-मेयरने ५,००० दिले आणि युनिव्हर्सलचे कार्ल लेमली यांनीही तेवढेच दिले. कंपन्यांच्या या आकड्यांशेजारी नॉर्मा टालमाजचे नाव ठेवून पाहावे. एकट्या नटीने आपल्या कमाईतून ५,००० डॉलर्स दिले, म्हणजे एका अख्ख्या स्टुडिओच्या बरोबरीने. लोडी प्लेस आणि लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरची जागा घेतली गेली आणि १९२५ च्या जूनमध्ये पायाभरणी झाली. इमारत पूर्ण होईपर्यंत खर्च अडीच लाख डॉलर्सच्या घरात गेला.

या इमारतीची रचना ज्युलिया मॉर्गन यांनी केली. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण क्लबमध्ये राहून गेलेल्या कोणत्याही तारकेइतकाच त्यांचा या संस्थेवर हक्क आहे. १८७२ साली सॅनफ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मॉर्गन अभियांत्रिकी शिकून पॅरिसला गेल्या. तिथल्या एकोल दे बोझार या विख्यात कलाशाळेत वास्तुकलेच्या वर्गाला तोवर एकाही बाईला प्रवेश मिळालेला नव्हता. त्या प्रवेशपरीक्षेला पुन्हा पुन्हा बसल्या, १८९८ मध्ये आत गेल्या आणि १९०२ मध्ये प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्या. १९०४ साली कॅलिफोर्नियात वास्तुविशारद म्हणून परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ओकलंडच्या मिल्स कॉलेजात त्यांनी सलोह काँक्रीटचा एक घंटामनोरा बांधला होता. १९०६ च्या भूकंपात भोवतालचा मुलूख कोसळत असताना तो मनोरा धक्का न लागता उभा राहिला. त्यानंतर त्यांच्या कामाबद्दल कुणी शंका घेतली नाही. आयुष्यात त्यांनी ७०० हून अधिक इमारती रचल्या. वर्तमानपत्रसम्राट हर्स्ट यांचा सान सिमिऑनच्या टेकडीवरचा राजवाडा हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. त्या राजवाड्याचे बांधकाम चालू असतानाच त्यांनी लोडी प्लेसवरचे हे वसतिगृह उभे केले.

हर्स्ट यांच्या मातोश्री फीबी हर्स्ट यांच्यामुळे मॉर्गन यांचा वायडब्ल्यूसीएशी संबंध आला होता. किनाऱ्यावरच्या असिलोमार शिबिरापासून होनोलुलूपर्यंत या संघटनेच्या अनेक वास्तू त्यांच्या हातच्या आहेत. अशाच एका वसतिगृहाच्या वेळची गोष्ट सांगतात. मुलींना आपल्या पाहुण्यांसाठी स्वतः रांधता यावे म्हणून मॉर्गन यांनी छोटी स्वयंपाकघरे आणि स्वतंत्र जेवणखोल्या आराखड्यात घातल्या. तुटपुंज्या पगाराच्या या मुलींना असले लाड कशाला, असा आक्षेप आला. त्यावर मॉर्गन यांचे उत्तर एवढेच होते की, त्यांचा पगार तुटपुंजा आहे म्हणूनच. स्टुडिओ क्लबची इमारत पाहताना हे उत्तर जागोजागी आठवते.

इमारत भूमध्यसागरी वळणाची आहे. मधला भाग आणि दोन बाजूंचे पंख अशी तिची मांडणी. गिलाव्याच्या भिंती, वर कौले, दर्शनी बाजूला कमानी, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या आणि मागे आतल्या बाजूला उघडणारे अंगण. तळमजल्यावर तुळयांच्या छताचा दिवाणखाना, वाचनालय, पत्रे लिहिण्यासाठी खोली, भोजनगृह आणि रंगमंच असलेले सभागृह. वरच्या मजल्यांवर नव्वद-शंभर मुलींच्या निवासाच्या खोल्या. काही दारांवर देणगीदारांच्या नावाच्या पट्ट्या होत्या. गावाहून नुकत्याच आलेल्या मुलीने किल्ली फिरवावी आणि दारावर एखाद्या नामांकित नटाचे किंवा नटीचे नाव असावे, हा योग रोजचा होता. सभागृहातला रंगमंच मला या इमारतीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. ज्यांना दिवसभर कुणी काम दिले नाही, त्यांना रात्री घरच्या घरी नाटक करता येत होते. ग्रंथालयाच्या तळघरात सुरू झालेल्या वाचनाला दहा वर्षांनी स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

क्लबचे नियम मोजके होते. वय १८ ते ३५, मुक्काम जास्तीत जास्त ३ वर्षे, आणि अर्जदार सिनेमाच्या धंद्यात काम करणारी किंवा काम शोधणारी असली पाहिजे. पुरुष पाहुण्यांना तळमजल्याच्या वर प्रवेश नाही. सुरुवातीला आठवड्याचे भाडे १० ते १५ डॉलर्स होते आणि त्यात रोजची दोन जेवणे धरलेली असत. एक्स्ट्राला तेव्हा दिवसाचे साडेसात डॉलर्स मिळत. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस चित्रीकरणात उभे राहता आले, तर राहणे-जेवणे सुटत होते. उरलेले दिवस मग शिकवणी, तालीम, कामाचे हेलपाटे यांना मोकळे. सगळ्या संस्थेचा हिशेब या साध्या गणितावर उभा होता. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या मुलींना वायडब्ल्यूसीएच्या वसतिगृहांचा अनुभव आहे. दिवसभर बाहेर कितीही धक्के खाल्ले तरी संध्याकाळी ताट वाढलेले असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

‘सिनेमाच्या धंद्यात’ या शब्दांचा अर्थ क्लबने उदार लावला होता, हेही महत्त्वाचे. नट्यांबरोबर तिथे नर्तिका आणि गायिका होत्या, पटकथा लिहिणाऱ्या होत्या, वेशभूषा करणाऱ्या होत्या. चित्रीकरणात कुणाच्या हातात कोणता पेला होता याची टिपणे ठेवणाऱ्या स्क्रिप्ट गर्ल होत्या, फिल्म कापून जोडणाऱ्या होत्या आणि स्टुडिओंच्या कचेऱ्यांतल्या टंकलेखिकाही होत्या. जेवणाच्या एका टेबलावर हे सगळे खाते जमत असे. कोणत्या कंपनीत कोणता चित्रपट सुरू होतो आहे, कोणत्या दिग्दर्शकाला उंच मुली नको आहेत, कोणत्या माणसाच्या खोलीत एकटीने जाऊ नये, ही माहिती अशाच टेबलांवर मिळते. नवख्या मुलीला ती कोणत्याही शिकवणी वर्गात मिळणार नव्हती.

इमारत उघडल्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर १९२६ मध्ये, रशियातून आलेली एकवीस वर्षांची एक मुलगी इथे दाखल झाली. आलिसा रोझेनबाउम हे नाव मागे ठेवून ती आयन रँड झाली होती. इंग्रजी मोडके, उच्चार जड, पण पटकथालेखिका व्हायचे हे पक्के. हॉलिवूडमध्ये पोचल्यावर लगेचच ती डिमिल यांच्या स्टुडिओत काम मागायला गेली. नकार घेऊन बाहेर पडली तेव्हा फाटकापाशी उघड्या मोटारीत खुद्द डिमिल बसलेले दिसले. ती टक लावून पाहत राहिली. त्यांनी चौकशी केली, तिला मोटारीत बसवले आणि ‘द किंग ऑफ किंग्ज’च्या चित्रीकरणावर नेले. तिथे ती साडेसात डॉलर्स रोजावर एक्स्ट्रा झाली. पुढे डिमिल यांच्यासाठी कथा वाचण्याचे आणि लिहिण्याचे कामही तिला मिळाले. त्याच चित्रीकरणात तिला फ्रँक ओ’कॉनर हा नट भेटला आणि एप्रिल १९२९ मध्ये दोघांनी लग्न केले.

मधली दोनेक वर्षे तिचे घर म्हणजे हा क्लब. डिमिल यांचा स्टुडिओ बंद पडल्यावर तिने उपाहारगृहात वाढपिणीचे काम केले, मिळेल ते केले. क्लबच्या अधीक्षिका मार्जोरी विल्यम्स यांच्याकडे एका दात्याने सर्वांत गरजू मुलीसाठी ५० डॉलर्स दिले होते. विल्यम्सबाईंनी ते रँडला दिले. रँडने त्या पैशातून काळ्या रंगाची तलम अंतर्वस्त्रे आणली. ही गोष्ट क्लबमध्ये पुढे अनेक वर्षे सांगितली जात होती आणि ती सांगताना कुणी तिला नावे ठेवली असे दिसत नाही. उपाशी माणसाने भाकरीच घेतली पाहिजे, असा दंडक तिथे नव्हता. वीस-बावीस वर्षांच्या परक्या देशातल्या मुलीला एखादी सुंदर वस्तू आपली असावी असे वाटले, तर त्यात समजण्यासारखे बरेच आहे.

मराठी वाचकांना रँड माहीत आहे ती ‘फाउंटनहेड’मुळे. १९४३ च्या या कादंबरीने आपल्याकडच्या महाविद्यालयीन पिढ्यांना वेड लावले आणि मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ती मराठीतही वाचली जाते. कोणतीही तडजोड न स्वीकारणारा वास्तुविशारद हॉवर्ड रोआर्क हा तिचा नायक. परोपकाराच्या तत्त्वावर कठोर टीका करणाऱ्या या लेखिकेचा अमेरिकेतला उमेदवारीचा काळ लोकवर्गणीतून बांधलेल्या घरात गेला. आणि ते घर रचणारी वास्तुविशारद प्रसिद्धीपासून दूर राहून, प्रत्येक खोलीत राहणाऱ्या मुलीचा विचार करून काम करणारी होती. रँडच्या विचारांशी मी वाद घालत नाही. पण हॉवर्ड रोआर्कविषयी बोलताना ज्युलिया मॉर्गन यांचेही नाव घ्यावे, एवढे मला मनापासून वाटते.

बोलपट आले आणि मंदी आली. त्यानंतरच्या दोन दशकांत या घरातून पुढे गेलेल्या मुलींची यादी लांबत गेली. ‘गॉन विथ द विंड’मध्ये स्कार्लेटच्या बहिणीचे काम करणारी एव्हलिन कीज इथली. आयोवातल्या शेतकरी घरातून आलेली डोना रीड इथली, जिला पुढे ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’साठी ऑस्कर मिळाले. ‘रिटन ऑन द विंड’साठी ऑस्कर मिळवणारी डोरोथी मलोन आणि दूरचित्रवाणीवर पेरी मेसनची सचिव म्हणून घराघरांत पोचलेली बार्बरा हेल याही इथल्याच.

मेरिलिन मनरो १९४८ च्या जूनमध्ये राहायला आली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि कोलंबिया कंपनीशी तिचा सहा महिन्यांचा, आठवड्याला १२५ डॉलर्सचा करार होता. अनाथालयात आणि परक्यांच्या घरांत वाढलेल्या या मुलीला वसतिगृहाच्या शिस्तीचे सुरुवातीला दडपण वाटले असल्यास नवल नाही. ‘लेडीज ऑफ द कोरस’मध्ये तिला पहिली ठळक भूमिका मिळाली, पण करार संपला तो कंपनीने वाढवला नाही. पुन्हा हेलपाटे सुरू झाले. १९४९ च्या मे महिन्यात छायाचित्रकार टॉम केली यांच्यासमोर तिने ५० डॉलर्सवर दिनदर्शिकेसाठी विवस्त्र छायाचित्रे काढून घेतली. १९५२ मध्ये ही छायाचित्रे तिचीच असल्याचे उघड झाले, तेव्हा ती नामांकित होऊ लागली होती आणि स्टुडिओचे धाबे दणाणले. तिने काहीही नाकारले नाही. भाडे थकले होते, पैशाची गरज होती, असे तिने सरळ सांगितले आणि लोकांनी ते मानले.

थकलेले ते भाडे स्टुडिओ क्लबचे होते. या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. मुलींना अशी वेळ येऊ नये म्हणूनच तर हे घर बांधले होते, आणि तरीही ती वेळ आली. आठवड्याचे दहा-बारा डॉलर्स ही रक्कम आज किरकोळ वाटते, पण काम नसलेल्या मुलीला तीही जड जाते. वसतिगृह भूक थोपवू शकते, धंद्याचे नियम बदलू शकत नाही. करार सहा महिन्यांचा ठेवायचा, मुलीचे नाव, केस, दात बदलून घ्यायचे आणि मुदत संपताच तिला मोकळे करायचे, हे ठरवणारी माणसे क्लबच्या देणगीदारांच्या यादीत होती. क्लबची मर्यादा इथे होती आणि ती चालवणाऱ्या बायकांना ती पुरेपूर ठाऊक असणार.

किम नोव्हाकच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. शिकागोची ही मुलगी फ्रिजच्या जाहिरातीसाठी देशभर फिरत कॅलिफोर्नियात पोचली आणि १९५४ च्या सुमारास कोलंबियाच्या हाती लागली. कंपनीचे प्रमुख हॅरी कोन यांना तिचे आडनावही बदलायचे होते. ते तिने बदलू दिले नाही. मात्र तिने स्टुडिओ क्लबमध्येच राहावे, हा कंपनीचा आग्रह होता. तिच्या येण्या-जाण्यावर नजर ठेवायला ते सोयीचे होते. ज्या दारामुळे इतर मुलींना सुरक्षित वाटत होते, त्याच दाराचा उपयोग एका मोठ्या कंपनीने आपली गुंतवणूक राखण्यासाठी केला. पुढे ‘व्हर्टिगो’मध्ये तिने दुसऱ्याच्या मनाप्रमाणे घडवल्या जाणाऱ्या बाईची भूमिका केली. ती भूमिका तिला इतकी आतून कळली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

अशी घरे दुसरीकडेही होती. न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर उमेदवारी करणाऱ्या मुलींसाठी ‘रिहर्सल क्लब’ १९१३ पासून चालत होता आणि १९७९ पर्यंत चालला. एडना फर्बर आणि जॉर्ज कॉफमन यांचे १९३६ चे ‘स्टेज डोअर’ हे नाटक तशाच घरावर बेतलेले आहे. विनोदी अभिनेत्री कॅरल बर्नेट तिथूनच पुढे आली. पण स्टुडिओ क्लबचे वेगळेपण असे की, तो ज्या धंद्यासाठी उभा राहिला त्याच धंद्याच्या पैशाने आणि त्याच्या ऐन मध्यावर उभा राहिला.

जवळजवळ साठ वर्षांत सुमारे १०,००० मुली इथे राहून गेल्या, असे सांगितले जाते. इतिहासात ज्यांची नावे निघतात त्या पन्नासही भरणार नाहीत. उरलेल्या मुलींचे काय झाले? काही तीन वर्षे संपण्याआधी गावी परतल्या. काहींनी लग्न केले. पुष्कळजणी कचेरीत, कपडेपटात, संकलनाच्या टेबलावर आयुष्यभर काम करत राहिल्या आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव कधी आलेही नाही. क्लबचे यश तारकांच्या यादीवरून मोजण्याची सवय सर्वांनाच आहे, कारण ती यादी चमकदार आहे. मी मात्र ते या इतरजणींवरून मोजतो. ज्या मुलीला काम मिळाले नाही तिला ‘आपण प्रयत्न करून पाहिला’ असे म्हणत, अब्रू आणि प्रकृती शाबूत ठेवून परत जाता आले, ही सोय त्या गावात दुसऱ्या कुणी केली नव्हती.

साठच्या दशकात दिवस बदलले. बार्बरा ईडन, नॅन्सी क्वान, शॅरन टेट, सॅली स्ट्रदर्स या नंतरच्या पिढीतल्या रहिवासी. पण स्टुडिओंची जुनी करारपद्धत मोडकळीला आली होती. १९४८ च्या न्यायालयीन निकालानंतर कंपन्यांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, दूरचित्रवाणीने प्रेक्षक नेले आणि नव्या चेहऱ्यांना पगारावर सांभाळण्याची ऐपत व इच्छा दोन्ही संपली. मुलीही बदलल्या. एकट्या मुलीला आता शहरात सदनिका भाड्याने मिळत होती, आणि पाहुण्याला तळमजल्यावरच थांबवणारे घर तिला नको होते. ही तक्रारीची गोष्ट नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी क्लबने मुलींना बळ दिले, ते आल्यावर क्लबची गरज ओसरली. खोल्या रिकाम्या राहू लागल्या, खर्च भागेना. १९७१ पासून तात्पुरत्या मुक्कामाच्या महिलांसाठी हॉटेल म्हणून जागा चालवून पाहिली, पण जम बसला नाही. अग्निसुरक्षेचे नवे नियम आले आणि त्यांनुसार बदल करण्याइतका पैसा संस्थेकडे नव्हता. १९७५ साली क्लब बंद झाला.

इमारत पाडली गेली नाही, हे भाग्यच म्हणायचे. १९७७ मध्ये लॉस एंजेलिस शहराने तिला ऐतिहासिक-सांस्कृतिक वारसास्थळ म्हणून घोषित केले आणि १९८० मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत तिचे नाव गेले. ज्युलिया मॉर्गन १९५७ मध्ये वारल्या होत्या. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना २०१४ साली, मरणोत्तर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. वायडब्ल्यूसीएने मधल्या काळात लोडी प्लेसवरच्या या वास्तूत तरुणांच्या रोजगार-प्रशिक्षणाचे काम चालवले आणि अलीकडच्या वर्षांत बेघर महिलांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ती वापरात आली. पत्ता तोच आहे : १२१५, लोडी प्लेस.